परत आलेला माल

दिवाळीच्या आधी तुम्ही खेळण्यांच्या दुकानात जाता. छताला जाळीत बांधलेले चेंडू, काचेमागं ओळीनं बसलेल्या बाहुल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे हे एवढे ढीग. मुलं हट्ट धरतात, आपण किमतीची चिठ्ठी उलटून पाहतो, घासाघीस करतो आणि एखादी वस्तू घेऊन बाहेर पडतो. कधी मनात आलं आहे का तुमच्या, की उरलेलं हे सगळं जातं कुठं? साडीचं आपल्याला ठाऊक आहे, सेल लागतो. भाजीचंही ठाऊक आहे, संध्याकाळी वाटा स्वस्त होतो. धान्य टिकतं. पण खेळणं? त्याचा हंगाम संपला की त्याचं काय होतं?

मलाही हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण लग्न होऊन वसईला आले ती थेट या प्रश्नाच्या घरातच. मामंजींचा प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा कारखाना. कारखाना म्हटलं की भोंगा आणि धुराडं डोळ्यांपुढं येतं, तसलं काही नाही हं. औद्योगिक वसाहतीतला एक गाळा, तीन मशीनं, अकरा माणसं, त्यांत सात बायका. माहेरी मी बी. कॉम. झालेली, म्हणून वर्षभरातच हिशेबाच्या वह्या माझ्यापुढं आल्या. आणि हिशेब पाहणाऱ्या बाईला विकलेल्या मालापेक्षा न विकलेला मालच जास्त छळतो, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगते.

आधी खेळणं होतं कसं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्लॅस्टिकचा दाणा असतो, साबुदाण्याएवढा. तो मशीनमध्ये वितळतो, लोखंडी साच्यात दाबला जातो, थंड होतो आणि साचा उघडला की हत्ती बाहेर पडतो. दाब कमी पडला की हत्तीचा कान अर्धाच भरतो. दाब जास्त झाला की कडेला पापुद्रा सुटतो, चकलीच्या सोऱ्यातून पीठ फाकावं तसा. शिवाय प्रत्येक हत्तीला एक काडी चिकटून येते, जिच्यातून प्लॅस्टिक साच्यात शिरलेलं असतं. ती काडी, तो अर्धकानी हत्ती, तो पापुद्रा, सगळं कोपऱ्यातल्या भरड काढायच्या मशीनमध्ये जातं. आत पाती फिरतात आणि कडाकडा आवाज करत त्याचा चुरा होतो. त्या आवाजाची सवय व्हायला मला सहा महिने लागले. हा चुरा नव्या दाण्यात थोडाथोडा मिसळून पुन्हा वापरतात, पण प्रमाण सांभाळून. कारण प्लॅस्टिक जितक्या वेळा वितळेल तितकं ते ठिसूळ होतं. आणि रंग एकच असायला हवा. लाल, पिवळा, निळा, हिरवा एकत्र भरडा की होळीच्या दुसऱ्या दिवशी बादलीत उरलेल्या पाण्यासारखा मळकट रंग येतो. त्यात मग काळा टाकण्यावाचून गत्यंतर नाही. तुमच्या घरातला काळा हँगर किंवा काळी कुंडी जरा निरखून पाहा. कुणाच्या तरी बाळपणातला हत्ती त्यात असायचा संभव आहे.

इथवर सगळं सोपं आहे. गाळ्यात बिघडलेलं गाळ्यातच भरडलं, कुणाचं काही गेलं नाही. अवघड आहे ते त्यापुढचं.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या बाहुल्यांचं काम आमच्याकडे आलं होतं. बाहुली त्यांची, साचा त्यांचा, आम्ही फक्त करून द्यायची. बाहुलीचे डोळे छापावे लागतात. छाप एक केसभर सरकला तरी बाहुली तिरळी दिसते. अशा तिरळ्या बाहुल्यांची दोन पोती भरली. कंपनीचा माणूस आला, तरुण मुलगा, बोलायला अगदी सभ्य. त्यानं बाहुल्या मोजल्या, प्रत्येकीचं डोकं कापून वेगळं करायला सांगितलं, फोटो घेतले आणि माल नष्ट केल्याच्या कागदावर यांची सही घेतली. चेहरा कंपनीचा, त्यामुळं तिरळा चेहराही कंपनीचाच. तो रस्त्यावर दहा-वीस रुपयांना मिळू लागला तर दुकानातली महागडी बाहुली कोण घेणार, असा त्यामागचा हिशेब.

आमच्याकडे एक मावशी होत्या, डोळे छापायच्या टेबलावर बसायच्या. त्यांनी एक बाहुली मागितली, नातीसाठी. तो मुलगा अवघडला, पण नाही म्हणाला. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, डोळा तिरपा निघाला म्हणून कुणी पोर टाकतं का?"

काय उत्तर देणार होते मी? डोकी कापली गेली. मऊ प्लॅस्टिकची ती डोकी पुढं चपलांच्या तळव्यांसाठी गेली.

मला त्या दिवशी राग आला होता तो कितीतरी दिवस उतरला नाही. पण राग मनात घोळवता घोळवता एक गोष्ट लख्ख झाली, आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे. खेळण्यात दोन तऱ्हेची खोट असते. एक दिसण्यातली आणि एक वागण्यातली. तिरळी बाहुली दिसायला वाईट, पण ती कुणाला इजा करत नाही. उलट एखादी देखणी, झुळझुळीत फ्रॉकमधली बाहुली घ्या, जिचा चमकता डोळा ओढला की निघून येतो. दुकानदार पहिलीला परत पाठवतो आणि दुसरीला काचेत बसवतो. व्यवहारात पहिल्या खोटीचा बोभाटा फार आणि दुसरीचा कमी. म्हणून मग आम्ही आमच्या स्वतःच्या मालासाठी दोन पेट्या ठेवल्या. रंग उडाला, छाप सरकला, खोका फाटला, तर ती वस्तू एका पेटीत. ती गाळ्यातल्या बायकांना दहा रुपयांत, पावती फाडून. फुकट नाही, कारण फुकट दिलं की घेणारीला उपकार वाटतो. तडा, सैल चाक, निघणारा तुकडा असेल तर दुसऱ्या पेटीत. आणि ती पेटी मालकाच्या नातवालासुद्धा उघडायची परवानगी नाही.

आता न विकलेल्या मालाकडे येऊ. खेळण्याचा धंदा हा सणांचा धंदा. पिचकारी होळीनंतरच्या सकाळी कुणाला हवी? गावोगावचे दुकानदार आमच्याकडून माल घेतात तो पुष्कळदा याच बोलीवर, की विकला तर पैसे, नाही तर माल परत. परत येणारा माल काय अवस्थेत येतो ते बघवत नाही. खोका उंदरानं कुरतडलेला, दर्शनी भागात टांगलेलं खेळणं उन्हानं फिकं पडलेलं, बॅटरीचं असेल तर बॅटरी आतच फुटून हिरवट पावडर झालेली. साधी पिचकारी पुढच्या वर्षी चालते. पण तिच्यावर त्या वर्षीच्या सिनेमातला नायक असेल तर पुढच्या होळीला मुलं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आणि चित्राची परवानगी विकत घेतलेली असेल, तर कराराची मुदत संपल्यावर ठरावीक अवधीत माल संपवावा लागतो. नंतर उरलेला विकता येत नाही, नष्टच करावा लागतो.

अशा मालाला गिऱ्हाईक म्हणजे लॉटवाला. तो खेळणी बघत नाही, वजन बघतो. आमचे शिक्के, पत्ते काढून टाकायचे, पोत्यात भरायचं आणि घालवायचं. पुढं ते जत्रेत, लोकलच्या डब्यात, सिग्नलपाशी विकलं जातं. आमच्या हाती दाणा आणि वीज यांचासुद्धा पुरा पैसा येत नाही, पण गाळ्यातली जागा मोकळी होते. जागा हा या धंद्यातला मोठा खर्च आहे, बरं का. एका मोठ्या अमेरिकन कंपनीवरही हीच पाळी आली. फंको नावाची ही कंपनी मोठ्या डोक्याच्या छोट्या बाहुल्या काढते. २०२२ साली तिनं इतका माल करून ठेवला की गोदाम ओसंडून वाहिलं आणि भाड्याचे कंटेनर घ्यावे लागले. शेवटी मार्च २०२३ मध्ये कंपनीनं स्वतःच जाहीर केलं, की तीन कोटी ते तीन कोटी साठ लाख डॉलर किमतीचा माल आपण फेकून देणार. ठेवण्याचा खर्च जास्त होता.

त्याहून जुनी गोष्ट अटारी कंपनीची. घरच्या टीव्हीवर खेळायचे खेळ ती काढी. १९८२ च्या नाताळासाठी 'ई. टी.' या चित्रपटावरून पाच आठवड्यांत घाईघाईनं एक खेळ तयार करवून घेतला, ढिगांनी माल काढला आणि तो पडला. सप्टेंबर १९८३ मध्ये ट्रकच्या ट्रक भरून तो आणि इतर पडून राहिलेला माल न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावाच्या कचऱ्याच्या जागी पुरण्यात आला. गावातली पोरं येऊन उकरून नेऊ लागली म्हणून वर काँक्रीट ओतलं. पुढं तीस वर्षं लोक ही दंतकथाच समजत. मग २६ एप्रिल २०१४ रोजी तिथं खोदकाम झालं आणि खेळांची पेटी खरोखर निघाली. सुमारे तेराशे नग वर काढले. गंमत म्हणजे त्यांतले कित्येक लिलावात चांगल्या किमतीला गेले! जे फुकट देववत नव्हतं ते मातीतून निघाल्यावर लोकांनी हौसेनं विकत घेतलं.

तुम्ही म्हणाल, फेकायचं आणि पुरायचं कशाला, गरीब मुलांना देऊन टाकावं. मीही म्हणत असे. पण कारखानदाराच्या वहीतून पाहा. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, त्यात अशी तरतूद आहे की माल फुकट दिला किंवा नष्ट केला तर कच्च्या मालावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. भंगार म्हणून विकला तर मिळते. म्हणजे दान केलं तर माल गेला आणि वर करही गेला. चांगुलपणाला असा दंड बसावा हे मला काही पटत नाही, पण वही अशी आहे. फ्रान्सनं उलट्या बाजूनं विचार केला. त्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये कायदा केला आणि न विकलेला नवा माल जाळायला, पुरायला २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. द्या, पुन्हा वापरा, नाही तर त्यातलं साहित्य वेगळं काढा. मात्र ज्यापासून आरोग्याला धोका आहे असा माल त्यातून वगळला. हे वगळणं मला फार शहाणपणाचं वाटतं, आणि का ते आता सांगते.

फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याकडे खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश निघाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह हवं, त्याशिवाय ती करायची नाहीत, विकायची नाहीत, विक्रीसाठी ठेवायचीही नाहीत. हे सप्टेंबरपासून लागू व्हायचं होतं, ते १ जानेवारी २०२१ वर गेलं. मधल्या काळात टाळेबंदी. मेची सुट्टी बुडाली, जत्रा बंद, दिवाळी जेमतेम. आणि १ जानेवारी उजाडली तेव्हा आमच्या गाळ्यात चिन्ह नसलेल्या मालाचे तीनशे चाळीस खोके उभे होते. परवाना मिळाला तरी तो पुढच्या मालाला. आधीच्या खोक्यांवर मागाहून छाप मारता येत नाही.

घरात आठ दिवस चूल शांतपणे पेटली नाही. धाकटे भावजी म्हणाले, लॉटवाल्याला देऊन टाकू, खेड्यातल्या जत्रेत चिन्ह कोण बघतंय? कर्ज डोक्यावर, तीन महिन्यांचे पगार थकलेले. त्यांचं म्हणणं काही दुष्टपणाचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पैसे नाहीत तर नाहीत, बालवाडीत वाटा, पुण्य तरी लागेल. आमचे हे दोघांच्या मध्ये. मी म्हटलं, आधी तपासायला तर पाठवू. परवान्यासाठी नमुने द्यायचेच होते, त्यांच्याबरोबर गोदामातल्या तीन वस्तू पाठवल्या. दोन बऱ्या निघाल्या. तिसरा होता आमचा खुळखुळा, मामंजींच्या वेळेपासूनचा, सगळ्यांत जास्त खोके त्याचेच. उंचीवरून टाकल्यावर तो सांध्यातून उकलला आणि आतले मणी बाहेर पडले.

तपासणीत एक नळकांडं वापरतात, आतून ३१.७ मिलिमीटर रुंद. लहान मुलाच्या घशाच्या अंदाजानं केलेलं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातून सुटलेला तुकडा त्यात पूर्ण मावला तर खेळणं नापास. मी घरी आले, एक खुळखुळा फरशीवर आपटला. चौथ्यांदा आपटला तेव्हा फुटला. मणी उचलून सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. भावजींचा नातू तेव्हा दहा महिन्यांचा, पलीकडे रांगत होता. त्याच्या तोंडात तेव्हा काय जात नव्हतं! सासूबाईंनी मूठ मिटली आणि म्हणाल्या, "याला नको, तर बालवाडीत तरी कशाला?"

पाहा, प्रश्न इतकाच होता. आपण देतो तेव्हा काय देतो? २००७ च्या ऑगस्टमध्ये फिशर-प्राइसची शिशाचा रंग लागलेली सुमारे १५ लाख खेळणी जगभरातून परत बोलावली गेली होती. ती सगळी नवी कोरी, सुंदर. दान करायला किती छान! पण शिसं मुलाच्या मेंदूवर काय करतं, ते मूल कुणाचं आहे हे पाहून करत नाही. अमेरिकेनं पुढच्याच वर्षी कायदा करून परत बोलावलेली वस्तू पुन्हा विकणंच बेकायदा ठरवलं.

आम्ही तीनशे चाळीसही खोके भरडले. दोन बऱ्या वस्तूंचे खोके भरडताना जिवावर आलं, कारण त्यांत खोट नव्हती, फक्त चिन्ह नव्हतं. भरडणं म्हणजे तरी काय सोपं का? स्क्रू काढायचे, चाकांचे लोखंडी आस काढायचे, कागदी चिकटपट्ट्या खरवडायच्या. धारावीत तेरा कंपाउंडमध्ये हेच काम वर्षानुवर्षं चालतं, प्लॅस्टिकची जात हातानं आणि नजरेनं ओळखणारी माणसं तिथं आहेत. आम्ही सात बायका आणि मी, दीड महिना खाली बसून तेच करत होतो. शेवटी काळा दाणा झाला, तो बादल्या-कुंड्या करणाऱ्यानं नेला. एक मशीन विकलं. माझ्या पाटल्या बँकेत गेल्या, त्या दोन वर्षांनी सुटल्या. दोन बायकांना काम सोडावं लागलं, आणि ते मला पाटल्यांहून जास्त लागलं.

त्या दिवसांत सावंतवाडीच्या चितार आळीची फार आठवण व्हायची. तिथली लाकडी फळं, लाकडी बाहुल्या तुम्ही पाहिल्या असतील. लाकडी केळ्याचा रंग उडाला तर पुन्हा रंगवता येतो, तुकडा पडला तर चिकटवता येतो. आमच्या हत्तीला सोंड मोडल्यावर दुसरा जन्मच घ्यावा लागतो.

आता तुमच्या कामाचं. खेळणं घेताना आयएसआय चिन्ह पाहा आणि त्याच्यासोबत परवाना क्रमांक आहे ना तेही पाहा. मोबाइलवर 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो क्रमांक घातला की खरा-खोटा कळतो. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, म्हणून लाकडी खेळण्यावर चिन्ह नसलं तर लगेच नाक मुरडू नका. जत्रेतली स्वस्त खेळणी घेऊच नका असं मी म्हणणार नाही, तिथंही पोट असतं कुणाचं तरी; पण तीन वर्षांखालच्या मुलासाठी घेऊ नका. कामवाल्या बाईंना घरची जुनी खेळणी देताना आधी ओढून, वाकवून पाहा. बॅटरी काढा. तडा गेलेलं असेल तर ते तिला द्यायचं नाही, भंगारात टाकायचं. बॅटरीची, विजेची खेळणी २०२३ पासून ई-कचऱ्याच्या नियमांत आली आहेत, ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

खुळखुळा आम्ही पुन्हा काढला. सांधा आता चिकटवत नाही, वितळवून जोडतो. खर्च वाढला, खप कमी झाला. भावजी अजून अधूनमधून वही उघडून त्या तीनशे चाळीस खोक्यांचा आकडा मला दाखवतात. आकडा बरोबर आहे, मीच लिहिलेला आहे. यंदा होळीला दोनशे बारा डझन पिचकाऱ्या गेल्या होत्या. त्यांचा परत आलेला माल काल टेम्पोतून उतरला, अजून मोजायचा आहे.